राहू दे

शारजात शुक्रवार सुट्टीचा,
दुबईत अर्ध्या दिवसाचा.
एवढ्याशा फरकावर
गेले दोन मंगळवार आम्ही अडलोय.
शाळा इकडे, त्याचं ऑफिस तिकडे,
मध्ये अल नहदाचा तुंबलेला रस्ता
आणि रेवा, वय वर्षं आठ,
मागच्या सीटवर, दप्तरासकट.

टेबलाच्या या बाजूला ऋजुता, त्या बाजूला उन्मेष,
टोकाला उस्ताझा मौझा, फाइल बंद ठेवून ऐकणाऱ्या,
आणि कोपऱ्यावर मी, नाझिमा परकार, मूळ गाव हर्णै,
मराठीतून अरबीत, अरबीतून मराठीत,
ताशी ठरलेल्या दराने.

नियम असा, की दुभाष्यानं
‘ती म्हणते’, ‘तो म्हणतो’ असं म्हणायचं नाही.
सरळ ‘मी’ म्हणायचं.
म्हणून तासाभरात
मी तिला न सांगता गाडीचं कर्ज काढलं,
मी त्याच्या आईला आणायला एअरपोर्टवर गेले नाही,
मी मुलीचा पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवला,
मी तो मागितला, अकरा वेळा, मेसेज आहेत माझ्याकडे.
मीच ओरडले, मीच मान खाली घातली.
घरी आले तेव्हा
घसा दोघांचाही बसला होता.

काही शब्दांना माझी गरज पडत नाही.
हक्क. वकील. तारीख. कबूल.
हे मराठीत आले की उस्ताझा मान वर करतात,
गर्दीत कुणी नावानं हाक मारावी तशी.
भांडायचे शब्द आपण उसने आणलेत,
खजुराच्या पोत्यांबरोबर उतरले असतील
कुठल्याशा बंदरात.

अडतं ते दुसरंच.
पहिल्या दिवशी, पोटगीच्या आकड्यावर,
ऋजुता म्हणाली, ‘राहू दे.’
पर्स उचलली.
मी अरबीत म्हटलं, मला काही नको.
चुकलंच ते. तिला सगळं हवं होतं,
फक्त त्याच्या तोंडून मोजून घ्यायचं नव्हतं.
उस्ताझांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला
आणि आकडा पुढच्या आठवड्याकडे.

माझी बहीणही म्हणाली होती, राहू दे.
सगळ्यांनी ते शब्दशः घेतलं.
मधे बसायला कुणी नव्हतं, मी इकडे होते.
तिची शिलाई मशीन
अजून त्यांच्या पडवीत आहे, ताडपत्रीखाली.

आज पासपोर्टचं मिटलं.
सुट्टीच्या दहा दिवस आधी तिच्या हातात.
दिवाळी एक आड एक. फी त्याची, बस तिची.
उरला शुक्रवार.
उस्ताझांनी एकदम विचारलं,
शुक्रवारी सकाळी मुलगी खाते काय?
‘घावणे,’ दोघंही एका दमात म्हणाले,
आणि मग दोघांनी दोन भिंतींकडे पाहिलं.
मी समजावलं, तांदळाचं पीठ, जाळीदार, पातळ.
उस्ताझा हसल्या, म्हणजे आमचं रगागच की.

उन्मेष टेबलाला म्हणाला,
‘बिडाचा तवा माझ्याकडे आलाय, खोक्यात चुकून.
आणून देईन.’
एसीचा आवाज मोठा झाला.
‘राहू दे,’ ऋजुता म्हणाली,
‘तिकडे असते तेव्हाही लागेल तिला.’

माझ्याकडे सगळे बघत होते.
तेच दोन शब्द, तेच तोंड.
मी जरा थांबले, मग म्हटलं,
तो तवा दोन्ही घरांचा आहे.
असं ती म्हणाली नव्हती.
नियम मोडला मी. ‘मी’ म्हणायलाही विसरले.
कुणी हरकत घेतली नाही.

शुक्रवारी साडेबारापर्यंत आईकडे,
पुढे रविवारच्या संध्याकाळपर्यंत बाबाकडे,
उशीर झाला तर फोन, भांडण नाही.
कबूल?
आमच्यात हा शब्द लग्नात म्हणतात, तीनदा.
यांनी एकेकदाच म्हटला, खाली बघत,
आणि उस्ताझांनी माझी वाट न बघता
लिहून घेतला.