ओठांवरचं

बर्न्लीत महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये
मूकपट दाखवतात.
तीस खुर्च्या, माणसं अकरा,
हीटर एक, तोही आपल्याच नादात.
पियानोवर ग्रेहॅम. त्या पियानोची एक पट्टी
खाली गेली की वर यायला कुरकुरते,
म्हणून दुःखाच्या प्रसंगात तो ती टाळतो
आणि पाठलागात मुद्दाम बडवतो.

मी पहिल्यांदा गेले ती थंडीमुळे.
बस चुकली होती, दार उघडं होतं.
पडद्यावर एक माणूस
मरणाऱ्या बायकोचा हात धरून बसलेला,
पाटी आली : 'तुझ्याशिवाय मी कसा जगू?'
हॉलभर नाकं ओढल्याचे आवाज
आणि पहिल्या रांगेतून
खो खो हसू.

डोरीन अ‍ॅस्पिनल. वय अठ्ठ्याऐंशी.
चहाच्या वेळी म्हणाली,
'पाटीवर जाऊ नकोस. तो म्हणाला,
पुन्हा कांदा खाल्लास ना तू?'

गिरणीत सहाशे माग एकदम सुरू झाले की
तोंडातला शब्द स्वतःच्या कानापर्यंत पोचायचा नाही.
मग बायका ओठ ताणताणून बोलायच्या
चार माग ओलांडून पलीकडच्या मैत्रिणीशी,
कुणाला दिवस गेले, कुणाचा नवरा कुठे झोपला,
मुकादमाच्या डोळ्यांदेखत
एक अक्षर हवेत न सांडता.

इचलकरंजीत आमच्या घराची मागची भिंत
मागांच्या शेडला लागून.
आई जन्मभर मोठ्यानं बोलली,
पंगतीत, दवाखान्यात, फोनवर,
जणू समोरचा शेडच्या पलीकडे उभा.
आवाज न काढताही बोलता येतं
हे तिला कुणी सांगितलंच नाही.

तेव्हापासून मी डोरीनशेजारी बसते.
ती कोपरानं ढोसते आणि कळवत राहते :
राजकन्येचा बूट चावतोय,
दरोडेखोर घरभाड्याचं बोलतोय,
पाद्र्यानं आत्ता दिलेली शिवी
तिनं पन्नास वर्षांत ऐकली नव्हती.

पण पडद्यावर स्वीडनचा बर्फ आला,
किंवा जपानची ती छत्री मिटणारी बाई,
की डोरीन हात मांडीवर ठेवून गप्प.
'आता मीही तुमच्यासारखी,' म्हणते, 'नुसते चेहरे.'
खरं सांगते, रडते ती तेव्हाच.
बाई छत्री मिटते, फक्त मिटते,
घडीवरून एकदा हात फिरवते
आणि डोरीन बाहीतला रुमाल शोधू लागते.

फेब्रुवारीत ग्रेहॅमनं एक तुकडा आणला,
कुणाच्या माळ्यावरच्या डब्यातला, चार मिनिटांचा.
नाव नाही, पाट्या नाहीत, कडा कुरतडलेल्या.
'इंडिया असावं,' एवढंच म्हणाला
आणि उगाच माझ्याकडे पाहिलं.
नदीचा घाट. नऊवारीतली राणी,
मनगटं पाहिली तर पुरुषाची,
हात आभाळाकडे, पदर वाऱ्यावर,
देवाचा धावा चाललेला. पियानो गंभीर.
आणि राणीचे ओठ हलले.
मी खुर्चीतून पुढे सरकले.
राणी म्हणाली :
'आवरा हो, ऊन चाललं.'

हसू शिंकेसारखं आलं,
धरायच्या आत बाहेर.
सगळी डोकी वळली.
ग्रेहॅमचं बोट नेमकं त्या पट्टीवर पडलं.
डोरीननं भुवया उंचावल्या : काय?

बोलले असते तरी चाललं असतं.
पण मी ओठ ताणले तिच्यासारखे,
एकेक शब्द, इंग्रजीत, दोनदा चुकत.
तिनं वाचलं. मान डोलावली,
जणू त्या घाटावर तिचंही
काही काम अडलं होतं.
मग पडद्याकडे वळून
राणीला ओठांनीच काहीतरी म्हणाली.
मला ते बाजूनं दिसलं,
निम्मंच.