दहा दिवस

आ कर, पेनिआमिना.
अजून मोठा. जांभई आल्यासारखा.
चमच्याच्या दांड्यानं मी जीभ दाबते,
टॉर्च धरते:
पडजिभेच्या दोन्ही अंगांना
सुजून लाल झालेल्या दोन गाठी,
त्यांच्यावर पांढरे ठिपके,
ओला खोबऱ्याचा कीस चिकटावा तसे.

खोकला? नाही.
नाक वाहतंय? नाही.
जबड्याखाली बोटं फिरवताच कळवळतो.
ताप एकशे तीन.
थुंकीसुद्धा गिळत नाही,
बशीत सोडतो, मान खाली घालून.

त्याची आत्या सालेइमा म्हणते,
नोनूची पानं शेकून बांधलीत गळ्याला,
तेलानं चोळूनही घेतलं.
चोळू नका, म्हणते मी, पानं राहू देत.
मिठाच्या गुळण्या, शहाळ्याचं पाणी,
आणि या वीस कॅप्सूल.
सकाळी एक, रात्री एक.
दहा दिवस.
नऊ नाही.

आज शुक्रवार.
पुढच्या रविवारी पोरांचा पांढरा रविवार.
चर्चमध्ये त्याला एकट्याला उभं राहून
सहा ओळी म्हणायच्यात.
हे तो मला बोटांनी सांगतो. सहा.
मी दोन्ही पंजे उघडून दाखवते. दहा.

सोमवारी गेले तर पोरगा खाडीत.
डोकं वर, डोकं खाली,
हाका मारतोय खणखणीत.
कॅप्सूल कोकोच्या डब्यात,
झाकण घट्ट.
चौदा उरल्यात, आत्या खुशीत सांगते,
बरा झाला की!
शेजारच्या पोरीलाही घसा धरलाय,
अर्ध्या तिला देईन.

मी रागावले नाही.
मी चटईवर बसले आणि गळ घातली.
शेजारच्या पोरीला माझ्याकडे पाठवा.
तिला शिंका असतील, सर्दी असेल,
तर या औषधाचा तिला काही उपयोग नाही.
नसतील, तर तिला तिच्या स्वतःच्या वीस.
ताप आधी जातो, सालेइमा.
दुखणं त्याच्यानंतर जातं.
जंतू सगळ्यात शेवटी,
आणि जाताना तो दार वाजवत नाही.

तेव्हा खांबाला टेकून फुआतिनो
विणत होती. या पोराची मोठी बहीण.
तिच्यापुढे हे बोलताना
माझाच आवाज बसला.

सात वर्षांपूर्वी ती नऊची होती.
मी नवी होते, रांग मोठी होती,
बोट साडेतीनला सुटायची होती.
तिच्या घशात मी बघितलं. बघितलं म्हणजे
टॉर्च मारला.
गुळण्या कर, म्हटलं.
तीन आठवड्यांनी गुडघा सुजला,
तो उतरला तर घोटा,
आणि मग कुणाला न दिसता
हृदयाची एक झडप.
आता ऑकलंडहून परत आणलेला व्रण आहे
तिच्या छातीवर, सरळ, नीट शिवलेला.
दर अठ्ठाविसाव्या दिवशी
मीच तिला सुई टोचते.
ती ओरडत नाही.
कॅलेंडरवर स्वतःच गोल काढते, पुढच्या तारखेभोवती.

त्या दिवशी फुआतिनो उठली,
डबा उघडला,
एक कॅप्सूल काढून भावापुढे धरली.
घे, म्हणाली. बाकी काही नाही.
तीन पायऱ्या उतरून गेली होती पाण्यापाशी,
परत चढताना एकदा थांबली.

आज पांढरा रविवार.
पेनिआमिना उभा आहे, इस्त्रीच्या शर्टात,
पाच ओळी धडाधड,
सहावी गायब.
मागच्या बाकावरून कुणीतरी
दोन शब्द पुढे सरकवतं
हळू, दमलेल्या श्वासात.
तो पकडतो. सगळं चर्च हसतं.
आत्या डोळे पुसते.

मी मात्र आकडे मोजतेय.
सकाळची झाली.
संध्याकाळची एक बाकी आहे.
जेवणं आवरली की
त्यांच्या फालेवरून जाऊन येईन म्हणते,
सहज म्हणून.