पेन्सिलीचा आकडा

वॉर्ड कचेरीत मरण दाखल्याच्या खिडकीशी
मला आता एकोणीस वर्षं होतील.
नाव लिहितो कानडीत, वय आकड्यात,
कारण डॉक्टरच्या चिठ्ठीत असेल ते.
आणि समासात, पेन्सिलीनं,
त्या दिवसाचा पारा.
हे मला कुणी सांगितलेलं नाही.

बाहेरगावचे म्हणतात, बेळगाव म्हणजे थंड हवा,
फॅनसुद्धा लागत नसेल तुम्हाला.
लागत नव्हता, खरं आहे.

ऊन रोखीनं व्यवहार करतं.
एप्रिलात पारा एकोणचाळीसवर गेला
की दुसऱ्या दिवशी अकराच्या आत खिडकीशी माणसं.
उद्यमबागेत भट्टीवरचा पुन्नाप्पा, वय बेचाळीस:
"पाणी आण म्हणाला ओ, आणीपर्यंत मरून सोडला."
मेहुणा सांगत होता, हातात अजून ती बाटली.
वडगावात पत्र्याखाली मागावर गंगव्वा भंडगे,
खटखट थांबली तेव्हा शेजारणीला कळलं.
दोघांपुढं मी लिहिलं, हृदयक्रिया बंद.
ऊन असं कधीच लिहिलेलं नाही.
तसा रकानाच नाही.

थंडी मात्र वहीत मांडून ठेवते.
पारा दहावर उतरतो, कपिलेश्वराच्या तळ्यावर धुकं,
आणि त्या आठवड्यात माझी खिडकी रिकामी.
शिपाई म्हणतो, थंडीत माणूस टिकतंय बघा साहेब,
फ्रीजमधल्या भाजीगत.
मी काही बोलत नाही.
पंधरा दिवस जातात. वीस.
दुपारी स्वेटर कमरेला बांधून
पोरं हरभऱ्याचे डहाळे सोलत शाळेतून परततात,
आणि मग ती वसुलीला निघते.
घाई नाही तिला.
एक खोकला शहापुरातला, एक अनगोळचा,
एक बाई नुसती झोपेतच.
वर्षाची बेरीज मारली
तर उन्हापेक्षा तिचीच रक्कम मोठी.

हे मी वरच्या साहेबांना दाखवलं.
ते म्हणाले, खोडा ते, ऑडिट आहे.
खोडलं. फार जोरानं नाही.

काल सातेरी हलगेकरांची सून आली,
प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड.
वय एकोणऐंशी. न्यूमोनिया.
सही करता करता म्हणाली,
"जत्रेतनं येताना घोंगडं नातवावर घातलं त्यांनी,
स्वतः तसेच आले टमटममधून.
तिथंच काय ते झालं."
कधी?
तिनं बोटं मोजून तारीख सांगितली.

ती गेल्यावर मी पानं मागं उलटली, बावीस दिवस.
समासात माझाच फिका आकडा,
नऊ पॉइंट चार.
खाली पान कोरं.
वॉर्डात त्या दिवशी कुणीच गेलं नव्हतं.
मला आठवतंय, मी लवकर निघालो होतो,
घरी जाताना पाव किलो कुंदा घेऊन.