चौथी पायरी

उद्यमनगरात आमची लेथ साडेआठला थांबते.
हातावरचं ऑइल चिंधीला पुसून
खोक्यावर लॅपटॉप उघडतो.

कोड मला येत नाही.
तो बसवायचा कसा, एवढं लिहितो.
तिसऱ्या पायरीनंतर एकदम पाचवी होती,
दोन रात्री मी तिथंच घसरलो,
म्हणून मधली चौथी घातली.

पहिल्यांदा पाठवलेलं परत आलं.
कुणी इल्मारी, बर्फातल्या गावचा,
म्हणाला, एक टिंब चुकलंय.
चुकलंच होतं.

बाकी काय, 'हे अगदी सोपं आहे'
अकरा ठिकाणी खोडलं.
आण्णाप्पा मिस्त्रींनी आटे पाडायला शिकवलं
तेव्हा सोपं म्हणाले नव्हते.
"बोट हितं न्यायचं न्हाई,"
आणि आपलं अर्धं बोट पुढं धरलं.

आता तेच सगळं मराठीत आणतोय.
एररला काय म्हणायचं, चार दिवस सुचेना.
मिस्त्रींना विचारलं.
मशीनवरची नजर न काढता म्हणाले,
"अडलंय म्हण की."

तसंच लिहून पाठवलं.
इल्मारी म्हणतो, छान असणार,
पण तपासायला मराठी येणारं
इथं अजून कुणी नाही.

म्हणजे ते तिथंच आहे.
अडलंय.