चार गुणांचा कोट

ग्रिम्सबीत फेब्रुवारीत तिसऱ्या तासालाही
वर्गातले दिवे लावावे लागतात.
गोदीकडचा वारा खिडकीच्या फटीतून
शीळ घालतो. मी म्हणते, ऐका,
वारा शीळ घालतो, ह्याला काय म्हणायचं?
मागच्या बाकावरून जेडन म्हणतो,
"खिडकी दुरुस्त करा म्हणायचं, मिस."

वर्ग हसतो. मीही.
कराडच्या शाळेत आम्ही हे सुरात घोकलं होतं,
चेतनगुणोक्ती, एका दमात.
पेठेबाई पट्टीने टेबलावर ताल धरायच्या,
सम, समान, सारखा, वाणी, जणू, परी,
आणि प्रत्येक उदाहरणात कुणाचं तरी मुख
चंद्रासारखं असायचं.
आमच्या वर्गात तसं कुणाचंच नव्हतं.

इथे मला मिळालीय चार पानांची गोष्ट.
एक माणूस मेलेल्या भावाचा कोट
सकाळी बाजारात विकतो
आणि संध्याकाळी दुप्पट पैसे मोजून
तोच परत आणतो. संपली.
एवेलिनाचं म्हणणं, हे कथानक नाहीच,
हा एका मूर्ख माणसाचा शनिवार आहे.
तिला दोन भाषांत कंटाळता येतं.

मी फळ्यावर डोंगर काढते.
ही चढण, हा उत्कर्षबिंदू, ही उतरण.
हा मुलूख असा सपाट
की पोरांना डोंगर म्हणजे फळ्यावरचाच.
मग पूर्वसूचना. पहिल्याच परिच्छेदात
कोटाचं एक बटण सैल आहे,
म्हणजे पुढे काहीतरी निसटणार.
"सगळीच सैल बटणं काही सांगत असतात का, मिस?"
गोष्टीत असतात. घरी नाही.
बोलून गेले, आणि माझीच नजर
कीरनच्या शर्टाकडे वळली.

कीरन खिडकीशी बसतो. नोव्हेंबरपासून
त्याच्या अंगावर मी कोट पाहिलेला नाही.
विसरलो, म्हणतो. रोज.
नाताळाआधी ऑफिसातल्या हरवल्या-सापडल्याच्या पेटीतून
एक निळा कोट काढून मी त्याच्यासमोर ठेवला होता.
दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर,
बाह्या आत दुमडून, कडेला कड जुळवून.
ती घडी पोराच्या हातची नव्हती.
"आईने थँक्यू सांगितलंय. आहेत आमच्याकडे कोट."
ज्याच्या शब्दावर विसंबता येत नाही असा निवेदक
पुढच्या आठवड्यात शिकवायचा आहे.
उदाहरण मी पुस्तकातलंच घेणार.

प्रश्न पाचवा. कोट हे कशाचं प्रतीक आहे?
गुण चार.
रात्री एकोणतीस वह्या. तपासणाऱ्यांसाठीच्या कागदावर
उत्तरं आधीच आलेली असतात:
स्मृती, अपराधभाव, हानी,
कोणतीही दोन, पुराव्यासह.
जेडन लिहितो, प्रेमाचं. पुरावा नाही.
एवेलिना लिहितो तसं नाही, ठणकावते: पैशाचं.
"दुप्पट" ह्या शब्दाखाली दोन रेघा.
कीरनचं अक्षर डावीकडे कललेलं:

"कोट आहे. भाऊ मोठा होता म्हणून
ह्याच्या गुडघ्यापर्यंत येत असणार.
संध्याकाळी परत आणला कारण
संध्याकाळी जास्त थंडी पडते."

कागद मी उलटून मागूनही पाहिला.
मागे कोराच होता.
हीटर टिकटिकत गार होत गेला,
मी भावाची उंची पुन्हा शोधली गोष्टीत.
कुठेच दिलेली नाही.
पण कोट विकत घेणारा दुकानदार म्हणतो खरा,
लांब आहे, कापावा लागेल.
म्हणजे पुरावा आहे. तिसऱ्या पानावर, खालून चौथी ओळ.
सहा वर्षं ही गोष्ट शिकवतेय मी.

चार द्यायला हात धजेना. पेन्सिलीने तीन लिहिले,
मग पेनाने चार.

सकाळी खिडकीसाठी अर्ज टाकला.
"कारण" असा एक रकाना असतो त्यात.
वारा शीळ घालतो, असं लिहिलं होतं.
ते खोडून लिहिलं,
खिडकीजवळ एक मुलगा बसतो.