चौदापैकी अकरा

पाचवी बैठक संपली तेव्हा
देल्फीन कोमोबाईंनी पेनाला टोपण लावलं,
हळूच, बाळ झोपलेल्या खोलीचं दार लोटावं तसं.
म्हणाल्या, पुढची तारीख हवी असेल तर
शुक्रवारपर्यंत कळवा.
हवी असेल तर.
चार बैठका त्या असं म्हणाल्या नव्हत्या.

कॉर्विनचा ट्रक केव्हाच गेला.
मी पार्किंगमध्येच बसून आहे,
हीटर चालू, काचेवर वाफ,
मांडीवर चौदा मुद्द्यांचा कागद.
अकरांपुढे दोघांची आद्याक्षरं.
डीप फ्रीझर त्याला. होडकं मला.
इस्टरची सुट्टी वर्षाआड.
त्याच्या आईच्या निळ्या बश्या मला,
त्यावर तर अर्धं मिनिटही गेलं नाही,
आणि उगाच वाटून गेलं,
निदान बश्यांसाठी तरी त्यानं भांडायचं होतं.

घोडं अडलंय तीन ठिकाणी.
घरामागचा लाकडी धक्का.
इनेझचे बुधवार.
आणि शिंपल्यांच्या शेतीचे हिशेब,
जे तो दर खेपेला आणतो म्हणतो.

मासळीच्या कारखान्यात बावीस वर्षं
मी लोकांच्या वह्या जुळवते.
चार डॉलरची तफावत मला झोपू देत नाही.
आणि हा गृहस्थ पाच बैठका
ताकास तूर लागू देत नाही.
कोमोबाई पुन्हा मायेनं विचारतात,
तो पुन्हा मान डोलावतो.
ती मान मला पाठ आहे.
नळ गळतोय म्हटलं की डोलायची, तीच.

बहीण म्हणते, सोड ना, तुटेल इतकं ताणू नये.
वकील म्हणतो, साडेसात हजार आगाऊ,
सुनावणी बहुतेक पानं गळायला लागल्यावर.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात,
म्हणून आज सकाळी आधी कोर्टच बघून आले.
पायऱ्या नाहीतच.
चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार आहे.
एक पोरगा त्यावर मीठ टाकत होता, बर्फ सुटावा म्हणून.
मला म्हणाला, जपून हं.

काडीमोड.
ज्यानं हा शब्द केला
त्यानं वाळलेली काडी घेतली असणार.
मघाशी कुंपणाजवळच्या आल्डरची एक डहाळी
मोडायला गेले.
मार्चमधली, आतून ओली.
वाकली. पिळली तर सालीच्या धाग्यांवर लोंबत राहिली.
शेवटी खिशातल्या, शिंपले उघडायच्या सुरीनं
कापावी लागली.
बोटांना नारिंगी डाग.

काल रात्री दात घासता घासता इनेझनं विचारलं,
बुधवार कुणाला मिळाला?
जत्रेतल्या सोडतीचं विचारावं तसं.
अजून कुणालाच नाही, म्हटलं.
तोंडातला फेस थुंकून म्हणाली,
मग मी घेऊ?
अकरा वर्षांची आहे. बुधवारी तिचा ट्रॉम्बोन असतो.
पाच बैठकांत हे आमच्यापैकी
एकालाही आठवलं नव्हतं.

शुक्रवारपर्यंत कशाला थांबायचं.
कॉर्विनला लिहिलं:
सहावी बैठक नको.
अकरांवर सह्या करून टाकू, ते तरी नासायला नको.
हिशेब मला दाखवू नकोस, न्यायाधीशाला दाखव.
बुधवारचं इनेझला विचार. मला नाही, तिला.
धक्क्याचं लिहायला घेतलं आणि खोडलं.
धक्क्याचं मला अजून कळत नाही.
तिथे त्याचे बाबा गळ टाकून बसायचे,
आणि तिथेच मी एकदा रात्रभर बसले होते,
कशासाठी ते आता सांगत नाही.

पाठवलं.
साडेसात हजार म्हणजे छपराची पत्रं.
छप्पर आणखी एक हिवाळा गळेल.
बादल्या आहेत.

कोमोबाई बाहेर आल्या,
आपल्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडू लागल्या,
मध्येच थांबून माझ्या गाडीकडे पाहिलं,
आणि न पाहिल्यासारखं केलं.
बरं केलं.