लांडग्याचे दात

अंडं रंगवायचं नसतं, तानासी, लिहायचं असतं,
परास्का म्हणाली आणि मेणबत्ती माझ्याकडे सरकवली.
कोस्माचमध्ये तेव्हा कमरेइतकं बर्फ होतं.
उपासाचे दिवस, घरात दूध नाही, लोणी नाही,
अंडी मात्र टोपलीभर. खायची नाहीत म्हणून.

तलंगेची पहिली अंडी.
पांढरी, कच्ची, आतलं सगळं आत.
डाव्या हातात धरायची. माझ्या डाव्या हाताला तीन बोटं.
तिनं पाहिलं, बोलली काही नाही,
फक्त अंगठ्याखाली चिंधीची चुंबळ ठेवली.

पितळी लेखणी ज्योतीत तापवायची, मेणात टेकवायची
आणि ओढायची रेघ.
जे पांढरं राहायला हवं ते आधी झाकायचं.
मग कांद्याच्या सालींचं पिवळं.
जे पिवळं राहायला हवं ते झाकायचं.
मग नारिंगी, मग तांबडं, शेवटी काळं.
दर पायरीला अंडं कुरूप होत जातं,
काजळीनं माखलेलं, मेणाच्या गाठींचं.
मला ते ओळखीचं वाटलं.

खुणा शिकवल्या तिनं.
दंताळं म्हणजे पाऊस. शिडी म्हणजे प्रार्थना.
हरणाला पाय किती याची तिला फिकीर नव्हती,
पण पोटाभोवती फिरणारी रेघ
निघाली तिथंच येऊन मिळायला हवी.
फट राहिली तर?
"तर फट राहील."

माझी मिळायची नाही.
केसभर वर, नाहीतर केसभर खाली.
सात अंडी मी मागच्या दारी फोडली.
कुत्र्यानं चाटली, त्याला उपास नव्हता.

आणि एक पट्टा मी टाळत होतो:
ओळीनं त्रिकोण, टोकं वर, टोकं खाली.
लांडग्याचे दात म्हणतात त्याला. घर राखतात.
"आणि लांडगे?" ती रोज विचारायची.
उद्या, मी म्हणायचो.

मला ते लांडग्याचे कधी दिसलेच नाहीत.
दाते दिसायचे. करवतीचे.
अकरा वर्षांपूर्वीची गिरणी, ओल्या भुशाचा वास,
आणि खटक्यापाशी लुकियान, परास्काचा मुलगा, एकोणीस वर्षांचा.
पोरानं न बघता यंत्र चालू केलं
असं मी पोलिसाला सांगितलं, पाद्र्याला सांगितलं,
दुकानात, पुलावर, लोकांच्या लग्नात सांगितलं.
इतक्यांदा, की त्या सांगण्यानं कवच धरलं.
लुकियान पोर्तुगालला गेला. फरशा बसवतो म्हणे.

लिहायचं रात्री असतं, घर झोपल्यावर, न बोलता.
न बोलण्याची मला सवय नव्हती.
एका रात्री मेण टेकवलं आणि पहिला त्रिकोण लिहिला.
दुसऱ्याला आठवलं: सकाळपासून प्यायलो होतो.
पाचव्याला: यंत्र चालूच होतं.
नवव्याला: पोरगं ओरडलं होतं, हात काढ, काका.
कितव्या तरी दाताला आठवायचं काही उरलं नाही.
नुसता हात चालत राहिला, अंडं फिरत राहिलं,
आणि पहिल्या दाताला शेवटचा येऊन भिडला.

पहाटे ज्योतीच्या कडेला धरलं,
कडेलाच, वर धरलं की काजळी बसते.
मेण घामासारखं सुटलं. फडक्यानं पुसलं.
काळ्यातून तांबडं वर आलं, पिवळं आलं,
आणि सगळ्यात आधी झाकलेलं पांढरं,
होतं तसं.

परास्काच्या स्वयंपाकघरात मी ते तिच्या हातात दिलं
आणि सांगायचं ते सांगितलं. चार वाक्यं होती.
ती खिडकीपाशी गेली. अंडं फिरवून पाहिलं, पुरतं एक फेरा.
"माहीत होतं," म्हणाली. "त्यानं त्याच रात्री सांगितलेलं."
मग बराच वेळ काही नाही.
"एक दात वाकडा आहे."

वाडग्यात ठेवलं तिनं ते,
लुकियाननं लहानपणी लिहिलेल्या अंड्यांशेजारी.
त्यातलं एक उचलून माझ्या कानाशी हलवलं.
आतलं सुकून खडा झालाय, म्हणाली,
वीस वर्षं लागतात.
ऐक.